एका वेळी एकच व्हॉल्व्ह

रोह्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. स्वयंपाक झाल्यावर गॅस कसा बंद करतेस? मी म्हटलं, शेगडीचं बटण फिरवते. "आणि रेग्युलेटर?" तो चालूच असतो, मी म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेली खोली. मग म्हणाले, "आधी रेग्युलेटर. नळीतला गॅस जळून जाऊ दे, ज्योत आपोआप विझली की मग बटण. चुकीचं करतेस. पण खोटं नाय बोललीस. पहिल्या तारखेपासून ये." माझी जात कोणती, लग्न कधी करणार, घरात मासळी शिजवणार का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पेणहून रोज रोह्याजवळच्या धाटावला ये-जा करून मी मेटाकुटीला आले होते, नाहीतर असल्या माणसाच्या माडीवर राहायला गेले नसते.

मी धाटावला एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. घरमालक, त्यांना मी काका म्हणायचे, दुसऱ्या एका केमिकल कंपनीतून शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालेले. कंपनी सुटली तरी कंट्रोल रूम काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. भाजी आणायला निघाले तरी दारात उभं राहून काकूंना चार्ज द्यायचे. "गॅस बंद. दूध फ्रिजात. वरच्या टाकीत पाणी चढतंय, वीस मिनिटांनी मोटर बंद करायची." काकूंनी "घेतला चार्ज" म्हटल्याशिवाय पायात चप्पल घालायचे नाहीत. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "घेतला हो, घेतला, जावा आता." पुढे काकूंना अर्धांगाचा झटका आला, खाटेवरून हलता येईना, तरी काका बाहेर पडताना तसाच चार्ज देत राहिले. मोटर बंद करायला मग मी खाली यायचे. पण चार्ज मात्र काकूंकडेच असायचा.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "एका वेळी एकच व्हॉल्व्ह." दोन बदल एकदम केले की कशामुळे काय झालं ते कळत नाही, हा त्याचा अर्थ. आमटीत मीठ आणि चिंच एकदम घालू द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी दोन गोळ्या एकाच दिवशी बदलल्या तर दवाखान्यात वाद घालून एक पुढच्या आठवड्यावर ढकलून आले होते. मी हसायचे. माझ्या हसण्याचं त्यांना काही वाटत नसे.

त्या घरातली सगळ्यात अजब वस्तू म्हणजे लॅपटॉप. निवृत्तीच्या वेळी कंपनीच्या भंगारातून मिळालेला, बॅटरी मेलेली, म्हणून सतत वायरीला बांधलेला. झाकण मागे पडू नये म्हणून भिंतीला टेकवून ठेवायचा. त्यात विंडोज इतकं रखडत चालायचं की पेणच्या एका दुरुस्तीवाल्याने ते काढून लिनक्स टाकून दिलं. काकांना लिनक्स फार आवडलं. चालू करताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जातात, काय सुरू झालं, काय नाही झालं, ते सगळं लिहून येतं. काका चष्मा लावून त्या ओळी वाचत बसायचे. "हा लपवत नाय," म्हणायचे. लॅपटॉपला सुतळीने एक लाल पुठ्ठा लटकवलेला असायचा, कंपनीत असतो तसा. काम चालू आहे, हात लावू नये. खाली नाव, तारीख, सही. घरात माणसं तीन, त्यातलं एक खाटेवर. तरी पुठ्ठा होता.

काम चालू होतं ते कॅरमचं.

काकूंचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. भावाचा गणपतीचा कारखाना. आषाढ लागला की काकू दीड महिना तिकडे जायच्या ते डोळे आखायला. मूर्तीचं बाकी रंगकाम कोणीही करायचं, पण डोळ्यांची रेघ काकूंच्या हातची. झटका आला तो उजव्या अंगावर. पाय हळूहळू आला, बोलणं जड झालं पण समजायचं, हात मात्र मांडीवर ठेवाल तिथे पडून राहायचा. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले सहा महिने काय ते करून घ्या, नंतर हात फारसा सुधारत नाही. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, रबराचा चेंडू घेऊन. काकूंनी तो डाव्या हाताने अंगणात फेकला. "मी काय तान्ही हाय?"

पूर्वी त्यांच्याकडे मोठा कंप्युटर होता. त्यावर काकू रोज दुपारी कॅरम खेळायच्या. माउसने स्ट्रायकर मागे ओढायचा, नेम धरायचा, सोडायचा. त्यात चार गडी होते, एकापेक्षा एक कठीण. तिघांना काकूंनी हरवलेलं, चौथ्याला नाही. एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं, त्यात कंप्युटर गेला, पण गेमची सीडी कपाटात राहिली होती. "तो खेळ लावून द्या," काकू म्हणाल्या, "मग बघते हाताचं."

मी शहाणपणा करून माझ्या फोनवर कॅरम उतरवून दिला. काकूंनी डाव्या बोटाने दोन डाव खेळून फोन परत केला. "यात डावा चालतो. मग उजवा कशाला उठंल? माउस मला डाव्यानं येतच नाय." खरा कॅरम बोर्ड आणला तर शेजारणी बघायला येतील, सोंगटी हलली नाही की हळहळतील, ते त्यांना नको होतं. मला पटलं. मुख्य म्हणजे, झटका आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

आता विंडोजचा गेम लिनक्सवर सरळ चालत नाही. मध्ये एक सॉफ्टवेअर बसवावं लागतं, गेम विंडोजच्या भाषेत जे मागतो ते लिनक्सला समजावून सांगणारं. काका त्याला दुभाषा म्हणायचे. लॅपटॉपवर परत विंडोज टाका, असं दुरुस्तीवाल्याने सांगून पाहिलं, पण नवं विंडोज त्या मशीनला झेपणारं नव्हतं आणि जुन्याची सीडी कुठे मिळेना. राहिला दुभाषा. काकांनी एक लॉगबुक उघडलं. वेळ, काय बदललं, काय दिसलं.

मी ते वाचायचे. "गेम चालू केला. पडदा काळा. आवाज येतो. सोंगट्या पडल्याचा आवाज, म्हणजे आत गेम जिवंत आहे." चार दिवसांनी, "चित्र आलं. बोर्ड पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढा. आवाज गेला." मग, "आवाज आला. स्ट्रायकर जांभळा दिसतो. चालेल." दर खेपेला एकच बदल, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी एकदम सहा गोष्टी बदलून मोकळी झाले असते. ते मला पुठ्ठ्यापलीकडे येऊ देत नव्हते. काकू खाटेवरून विचारायच्या, "झालं?" काका म्हणायचे, "येतंय."

शेवटी सगळं आलं आणि पडद्यावर एक पाटी उभी राहिली. सीडी घाला. लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह कधीच मेला होता. मी पेणहून वायरीवर चालणारा ड्राइव्ह आणला. सीडी फिरली, आतल्या फायली दिसल्या, तरी गेम म्हणे सीडी घाला. सीडी अस्सल आहे की नाही ते तपासायचं कुलूप गेममध्येच होतं, आणि ते दुभाष्याशी बोलायलाच तयार नव्हतं. चौथा महिना संपत आला होता. काकांनी त्या कुलपावर तीन आठवडे घालवले.

मी पेणला घरी गेले होते, तिथे शोधलं तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं. एक छोटी फाइल. मूळ फाइलीच्या जागी ती ठेवली की गेम सीडी मागतच नाही. रविवारी दुपारी पेन ड्राइव्ह घेऊन मी विजयी मुद्रेने काकांच्या पुढ्यात उभी राहिले.

"हे काय करतं?" त्यांनी विचारलं.

"सुरू होताना गेम सीडी आहे का विचारतो ना, ते विचारणंच काढून टाकतं."

"म्हणजे इंटरलॉक बायपास. सुरक्षेचं कुलूप टाळून पुढं जायचं."

"तसं म्हणा."

"नाय," ते म्हणाले आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात परत दिला.

माझं डोकंच फिरलं. सीडी तुमची, विकत घेतलेली, या घरात आहे, चोरी नाही की लबाडी नाही. काकूंचा हात लाकूड होत चाललाय आणि तुम्हाला कंपनीचे नियम सुचतायत. मी बरंच बोलले. वयाचा मान ठेवला नाही. कारखान्यात मी इतकी चिडले असते तर नोकरी गेली असती. काका ऐकून घेत होते. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"आमच्याकडं एक टाकी होती. भरली की पंप आपोआप बंद व्हायचा, त्याला स्विच होता. तो स्विच बिघडला होता. टाकी अर्धी असली तरी पंप बंद पाडायचा. माझ्या सेकंड शिफ्टला तीनदा पाडला. मी पॅनेल उघडलं नि वायरचा तुकडा टाकला. जंपर. म्हणजे स्विच काय पण सांगू दे, पंप चालूच. जंपर टाकला की लॉगबुकात लिहायचं, पुढच्या शिफ्टला तोंडी सांगायचं. घरी यायची बस सुटायला आली होती. मी लिहिलं नाय. सांगितलं नाय."

मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"थर्ड शिफ्टचा ऑपरेटर खाली व्हॉल्व्ह बघायला गेला. टाकी भरली, पंप थांबला नाय. गरम ॲसिड त्याच्या अंगावर आलं. आठ दिवस काढले त्यानं, मग गेला. सकाळी मला बोलावणं आलं. सगळे धावत होते, पॅनेलपाशी कोणी नव्हतं. मी वायर काढली नि खिशात घातली." मग म्हणाले, "चौकशीत स्विच तपासला, तर त्या दिवशी नेमका नीट चालला. मग पंप का नाय थांबला? तर ऑपरेटरनं हातानं चालू ठेवला असणार, नि त्याला झोप लागली असणार. तसंच लिहिलं गेलं. त्याखाली मी सही केली."

मला त्यांच्याकडे बघवेना. गॅसचा रेग्युलेटर, लाल पुठ्ठा, दारातला चार्ज, ज्या सगळ्याला मी इतके महिने हसत होते त्याचा आता मला धसका बसला. आणि खरं सांगायचं तर किळसही आली. या माणसाच्या हातचा चहा मी रोज पीत होते.

"अहो," आतून आवाज आला. मधलं दार उघडं होतं हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. बोलायला त्यांना वेळ लागायचा, शब्द एकेक करून यायचे. "तिला मी बाजारात बघते. त्याच्या बायकोला. मान खाली घालून जाते. झोपाळूची बायको म्हणतात तिला अजून. मी पण म्हटलंय."

काका उठले नाहीत.

"पोरीनं आणलंय ते टाका त्या मशीनीत," काकू म्हणाल्या. "पण त्याच्या आधी ते लिवा. सगळं, वायर खिशात घातलीत त्यासकट. नि तिला नेऊन द्या. तंवर मी माउसला हात लावायची नाय."

"तुझ्या हाताचे दिवस जातायत," काका म्हणाले.

"जाऊ देत."

त्यानंतर अकरा दिवस त्या घरात फारसं कोणी बोललं नाही. काका सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि दुपारी आत यायचे. लॅपटॉप बंद. व्यायामवाल्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं की बोटं आत वळायला लागलीत, काहीतरी करा. मी काकूंच्या खाटेवर बसले, त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि सरळ विनवण्या केल्या. काकू, त्यांना शिक्षा करायची तर दुसरी काहीतरी करा, तुमच्या हाताची का करता? त्या म्हणाल्या, "शिक्षा नाय गो. दुसरं काय सांगितलं तर ते करणार नायत. मी ओळखते ना त्यांना. माझा एक हात हाय. त्या माणसाचं सगळं नाव गेलं."

मी त्यांच्या जागी असते तर मला हे जमलं नसतं. हे मी मोठेपणा देण्यासाठी म्हणत नाही. खरंच जमलं नसतं.

बाराव्या दिवशी काकांनी लिहिलं. लॉगबुकाच्या पद्धतीनेच, डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला घटना, चार पानं. "जंपर टाकला. कारण, पंप वारंवार बंद. कोणी, मी. नोंद केली नाही. कारण, बस." खाली सही, त्या वेळचा हुद्दा. एक प्रत कंपनीला पाठवली. मालक बदलले होते, कंपनीचं उत्तर कधी आलं नाही. दुसरी प्रत घेऊन ते माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "मला सोडशील का स्कूटरवर, त्याच्या बायकोच्या गावाला? एकटा गेलो तर मधनंच परत येईन."

काकूंच्या हाताचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. त्या गावाहून परत आल्या दिवशी काकांनी माझी फाइल घातली, लॉगमध्ये बायपासची रीतसर नोंद केली आणि लाल पुठ्ठा काढला. गेम चालला. पहिले पंधरा दिवस काकूंचा हात नुसता माउसवर ठेवलेला असायचा, ढकलायच्या त्या खांद्याने. मग मनगट हललं, मग एक बोट. दिवाळीपर्यंत चमचा धरता यायला लागला, केस विंचरता यायला लागले. चौथ्या गड्याला त्यांनी हरवलं तेव्हा मी कामावर होते. कुंचला मात्र परत हातात आला नाही. उशीर झाला त्यामुळे का कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काकांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, पण आषाढात काकू जोह्याला भावाकडे नुसत्या खुर्चीवर बसून पोरींना रेघा आखायला सांगायच्या, तेव्हा काका तिथे थांबायचे नाहीत. पोचवून लगेच बसने पेणला यायचे आणि आमच्या घरी ओटीवर गप्प बसून राहायचे. गेल्या वर्षी ते गेले. मी तेव्हा रोह्यात नव्हते.

पण काकांची आठवण आली की मला त्यांचं घर दिसत नाही. कुंडलिका नदीच्या काठचं ते गाव दिसतं.

आम्ही पोचलो तेव्हा ती बाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिचा मुलगा दारात आपली मिनीडोर रिक्षा धूत होता, तिशीचा असेल. काका पांढरा शर्ट घालून आले होते. तिने बसा म्हटलं, ते बसले नाहीत. आपण कोण ते सांगितलं आणि कागद पुढे केले. तिने हात पुसले, कागद उलटसुलट बघितले आणि परत दिले. "मला वाचाया येत नाय. तुम्हीच वाचा."

काकांनी वाचलं. कंट्रोल रूममध्ये वाचत असतील तशा आवाजात, आधी वेळ, मग घटना. वायर खिशात घातली तिथे एक शब्द सुटला, तर ते थांबले आणि ती ओळ पहिल्यापासून वाचली. मुलाने पाण्याचा पाइप खाली टाकला होता. पाणी त्याच्या पायावरून वाहत होतं. वाचून संपलं तेव्हा तो दोन पावलं पुढे आला, आणि मला वाटलं हा आता यांना मारणार. मी मध्ये पडले नसते. त्याच्या आईने हात वर केला.

"म्हंजे हे झोपले नव्हते?" तिने विचारलं.

"नाय," काका म्हणाले.

"जागे होते?"

"जागे होते. व्हॉल्व्ह बघायला गेले होते. आपलं काम करत होते."

तिने पुढ्यातली सुकट बाजूला सारली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? जागा होता तुझा बाप." मुलाने तोंड फिरवलं आणि मिनीडोरच्या टपावर डोकं टेकवलं.

मला वाटलं, झालं. काका हात जोडून वळले. तिने त्यांना थांबवलं. पदर नीट केला, ओट्यावरून उतरली आणि पायात चपला घातल्या. "चला," म्हणाली. "इथं नुसतं मला ऐकवून काय? त्यांनी पण ऐकलं पायजे."

शेजारच्या घरापुढे जाऊन तिने हाक मारली. माणसं बाहेर आली. "वाचा," तिने सांगितलं. काकांनी पहिल्यापासून चार पानं वाचली. मग त्याच्या पुढचं घर. मग समोरची आळी. कोणी शिव्या दिल्या, कोणी नुसतं ऐकून दार लावून घेतलं, एक म्हातारा मध्येच रडायला लागला. ती कोणाशी बोलत नव्हती. तिने काकांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिन्हीसांजेपर्यंत अकरा घरं झाली, शेवटी काकांचा आवाज पार बसला होता, तरी तिने त्यांना पाणी विचारलं नाही. फक्त प्रत्येक घरी वाचून झालं की ती सगळ्यांच्या देखत विचारायची, "म्हंजे हे झोपले होते का?"

आणि काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "नाय. जागे होते."